सीटवर कोणीतरी हवं

१

बातमी आली त्या मंगळवारी मी एका मिक्सरची माहितीपुस्तिका पूर्ण करत होते. सव्वीस वर्षं मी हेच काम करते. घरगुती यंत्रांच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका असते, जी कोणी वाचत नाही, ती मी लिहिते. तिच्या शेवटच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता असतो: लक्षण, कारण, उपाय. यंत्र चालू होत नाही, प्लग नीट बसलेला नाही, नीट बसवा. या तक्त्यावर माझा विश्वास आहे. डाव्या रकान्यात काही लिहिलं, की मधला रिकामा राहता कामा नये.

सकाळी साडेनऊला दादाचा फोन आला होता.

"छोटे, दुपारी येतेस का? गाडीची हवेची नळी बदलतोय. मग चालवून बघायचीय. सीटवर कोणीतरी हवं."

"रविवारी येते रे. आज पुस्तिका द्यायची आहे."

"रविवारी? आणि उद्या आईला काय कडेवर घेऊन जाऊ?"

"घे की. तिने नेलंय तुला."

तो हसला. मग म्हणाला, "बरं, राहू दे. रेस धरून ठेवायला लावतो काहीतरी जुगाड."

मी पंचावन्न वर्षांची आहे आणि तो एकसष्टचा होता, तरी त्याच्यासाठी मी छोटीच. दुपारभर मी मिक्सरच्या भांड्याचं झाकण कसं बसवावं ते लिहिलं. साडेपाचला आईकडे संध्याकाळी येणाऱ्या सिस्टरांचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, "ताई, तुम्ही बसलेल्या आहात ना?" मी बसलेलीच होते.

दादा शेडमध्ये, गाडीच्या बोनेटपाशी स्टुलावर बसलेला सापडला. डोकं मडगार्डवर टेकलेलं होतं. डोळा लागल्यासारखा दिसत होता, असं सिस्टर म्हणाल्या. शेडमध्ये धुराचा वास होता, पण त्या शेडमध्ये तो नेहमीच असायचा. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. आधी एक झटका येऊन गेलेला होता, त्यामुळे कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

२

दादाने लग्न केलं नाही. तो आणि आई, आणि त्यांची ती जुनी व्हॅन, असं तिघांचं घर होतं. व्हॅनला पुढे आखूड नाक होतं, मागे व्हीलचेअर चढवायची फळी. ती फळी दादानेच बसवली होती. आईची किडनी गेल्यापासून दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तो तिला त्या फळीवरून वर चढवून डायलिसिसला न्यायचा. नदीपलीकडे, चाळीस मिनिटांचा रस्ता.

शेड घराला लागूनच आहे. आईच्या खोलीची भिंत आणि शेडची भिंत एकच. आईला आरडाओरडा खपत नाही, त्यामुळे आमच्याकडे इंजिनाचं काम खुणांवर चालायचं. दादा बोनेट उघडून पुढे उभा, मी लहानपणापासून ड्रायव्हरच्या सीटवर. बोनेट वर केलं की काचेसमोर पत्र्याची भिंत उभी राहते, पलीकडचा माणूस दिसत नाही. फक्त बोनेट आणि काच यांच्यामध्ये खाली बोटभर रुंद फट राहते. त्या फटीतून कधी त्याचे हात दिसायचे, कधी पाना. बाकी सगळं ऐकण्यावर. पान्याने पत्र्यावर एक ठोका: रेस दे. दोन ठोके: सोड. तीन ठोके: बंद कर.

आणि बंद केल्यावर मी दोन छोटे हॉर्न द्यायचे. हा नियम मी चौदा वर्षांची असताना आला. त्या दिवशी मला वाटलं त्याचं काम झालं, म्हणून मी किल्ली फिरवून इंजिन चालू केलं. त्याचा हात पंख्यात होता. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. दवाखान्यातून येताना तो मला म्हणाला, "रडू नकोस. यापुढे तू दोन हॉर्न दिल्याशिवाय मी हात आत घालणार नाही. झालं?" एवढंच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि हॉर्न वाजल्याशिवाय हातही घातला नाही. कधीकधी मी मुद्दाम उशीर करायचे. तो बोनेटच्या कडेवर हात ठेवून उभा राहायचा. फटीतून मला ती चार बोटं दिसायची. एक आखूड.

आईच्या रक्ताला दुःख कळत नव्हतं, ते एक दिवसाआड धुवावंच लागायचं. बुधवारी अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली. त्यांनी बजावलं, एकदाच, रोजची नाही. डायलिसिसच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रुग्णालयाच्या मागे कायम राहणाऱ्यांचा कक्ष होता, तिथे एक खाट रिकामी होती. ते वाईट बोलत नव्हते. वेळेवर आणायची सोय नसेल तर तेच बरं, असं त्यांचं म्हणणं.

आईने ते ऐकलं. तिचे कान चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिखट आहेत.

"मला तिथे ठेवलंस ना, तर मी तिथूनच जाईन," ती म्हणाली. "तुला जमेल का गाडी?"

"जमेल."

"मग तोंड असं का केलंयस?"

शुक्रवारी सकाळी मी शेडमध्ये गेले. शेडचं दार दोन पानांचं, आत उघडणारं. ते मी पूर्ण लोटून भिंतींना टेकवलं. सीटवर बसले तर पाय पॅडलपर्यंत जाईना. अ‍ॅक्सिलरेटरवर लाकडाची एक पाचर ठोकलेली होती, चिंधी गुंडाळून, नीटनेटकी. दादाचा जुगाड. मी ती काढून समोरच्या कप्प्यात ठेवली. गाडी चालू होईना. पेट्रोलचा काटा शून्यावर होता. दादा टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मला ते नवल वाटलं, पण आईला उशीर होत होता. मी शेजाऱ्यांकडून डबाभर पेट्रोल आणलं.

३

अकराव्या मिनिटाला गाडी थरथरायला लागली आणि पुलाच्या तोंडाशी बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. मेकॅनिक लोक म्हणतात तशी ती मिसिंग मारत होती, म्हणजे चारातला एक सिलिंडर मधेच दम सोडत होता. मी उतरून बाजूचं सरकतं दार उघडलं, आई कशी आहे ते बघायला.

"आलो का?" आईने विचारलं.

"नाही. गाडी बंद पडली."

"मग दार उघडंच ठेव जरा. डोकं धरलंय माझं. थंडी वाजली तरी चालेल."

दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. आणखी अकरा मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा दार उघडलं, आईला वारा लागला, तिचं डोकं उतरलं, गाडी चालू झाली. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला. परतताना तेच.

मी घरी येऊन तक्ता केला. तारीख, किती मिनिटांनी, चढ की सपाट, गार की तापलेली. पुढच्या तीन फेऱ्यांत अठरा नोंदी झाल्या. एरवी बिघाड असा वागत नाही. कधी चढावर येतो, कधी ब्रेक मारताना, कधी हवा ओलसर असताना. हा नेमका अकराव्या मिनिटाला यायचा. चढ असो, उतार असो, थांबलेली असो. मी घड्याळ बघायचे, दहा मिनिटं पन्नास सेकंद झाले की आपोआप कडेला घ्यायला लागायचे, आणि गाडी माझी वाट बघितल्यासारखी तिथे थांबायची. मधला रकाना रिकामा होता.

"तुझ्या दादाला शिस्त फार," आई मागून म्हणाली. "गाडीसुद्धा तशीच निघाली."

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. मशीन दुसऱ्या कोणाला दिलेलं होतं. डॉक्टरांनी कायम राहणाऱ्यांच्या कक्षाचा अर्ज माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. सोय लावायला त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली.

४

दादाचे एक मित्र होते. चाळीस वर्षं मेकॅनिक, आणि कुठल्याच कामाची घाई नाही, म्हणून सगळे त्यांना सावकाशराव म्हणत. दादाचं आणि त्यांचं प्रत्येक इंजिनावरून भांडण व्हायचं. ते आले, शेडच्या दारात उभे राहिले आणि बराच वेळ गाडीकडे न बघता स्टुलाकडे बघत राहिले.

"सावकाश, चहा घेणार की चहासुद्धा उद्याच?" आईने खिडकीतून विचारलं.

"घेणार काकू. थंड करून."

मग त्यांनी माझा तक्ता वाचला. पूर्ण वाचला. माझं लिखाण इतक्या लक्षपूर्वक वाचणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

"ताई, एका वेळी एकच गोष्ट बघायची," ते म्हणाले. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. तुम्ही सीटवर बसा. मी सांगेन तशी रेस द्या."

बोनेट वर गेलं. पत्र्याची भिंत. खाली बोटभर फट, तिच्यातून त्यांच्या हातांची हालचाल. मी किल्ली फिरवली. सहा-सात मिनिटं इंजिन बरं चाललं, मग आवाज खाली आला, श्वास अडकल्यासारखा झाला. पत्र्यावर एक ठोका पडला. मी रेस दिली. इंजिन सावरलं. दोन ठोके. मी सोडली. पुन्हा अडखळलं, पुन्हा एक ठोका, पुन्हा रेस. असं बराच वेळ. मला बरं वाटत होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला काही ठरवायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

अकराव्या मिनिटाला गाडी बंद पडली. सावकाशराव बोनेटच्या बाजूने बाहेर आले, हात पुसत.

"वा ताई. तुम्हाला बरोबर कळतं हो. मी ओरडणार, तेवढ्यात तुम्ही रेस दिलेली."

"तुम्ही ठोकलंत ना."

"मी कुठे ठोकलं?"

"एक ठोका म्हणजे रेस. दोन म्हणजे सोड."

"ते तुमचं भावाबहिणीचं. मला काय माहीत? माझे दोन्ही हात त्या नळीवर होते. हे बघा." त्यांनी काळे झालेले दोन्ही तळवे दाखवले. पाना जमिनीवर, त्यांच्या पेटीत होता.

मी कारण शोधलं. पत्रा तापला की टकटकतो. सैल नळी बोनेटवर आपटू शकते. आवाज खाली येणार हे चाळीस वर्षांच्या सवयीने पायाला आधीच कळलं असेल आणि ठोका मागून मनाने जोडला असेल. तीन कारणं, तिन्ही चांगली. एकाच लक्षणाला तीन चांगली कारणं सापडली की माझ्या धंद्यात समजायचं, खरं कारण अजून सापडलेलं नाही.

सावकाशराव मात्र खुशीत होते. त्यांना बिघाड सापडला होता. बोटाएवढी जाड रबरी नळी, खालच्या बाजूने उभी फाटलेली. तापली की फट रुंद व्हायची, इंजिन फुकटची हवा ओढायचं आणि बंद पडायचं. त्यांनी ती काढून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

दादा प्रत्येक नव्या भागावर पांढऱ्या रंगाने तारीख घालायचा. नळीवर तारीख होती. त्या मंगळवारची.

"ही नवीन आहे," सावकाशराव म्हणाले. "त्याच दिवशी घातलेली. नवी नळी अशी फाटत नाही हो." त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "माल खराब असेल," ते शेवटी म्हणाले, पण नळी पेटीत टाकली नाही. खिशात घातली.

त्यांनी दुसरी नळी बसवली. "उद्या अर्धा तास जागेवर चालू ठेवा. बोनेट उघडंच असू द्या, म्हणजे जास्त तापणार नाही. बंद पडली तर किती मिनिटांनी तेवढं लिहा. नाही पडली तर परवा आईला घेऊन खुशाल जा."

परवा बुधवार होता, आणि डॉक्टरांच्या मुदतीचा शेवटचा दिवस.

५

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. जेवण करून आई आडवी झाली. आदल्या दिवशीच्या डायलिसिसने ती पार गळून गेली होती. सोमवारची ती फेरीही रडतखडत, थांबत थांबतच झाली होती, सावकाशराव यायच्या आधी.

"तेवढं दार ओढून घे गं," ती भिंतीकडे वळत म्हणाली. "त्या आवाजाने झोप लागत नाही मला. दादालाही रोज सांगायचे."

बाहेर बोचरा वारा होता. मी शेडची दोन्ही पानं आतून ओढून घेतली आणि कडी लावली. तीन आठवड्यांत मी ते दार पहिल्यांदाच बंद करत होते. उघडं असताना त्याची आतली बाजू भिंतीला टेकलेली असायची. आता तिच्यावर दादाचं खडूचं अक्षर दिसलं. एकाखाली एक अशी यादी. प्लग, आणि पुढे बरोबरची खूण. फिल्टर, खूण. कॉइल, खूण. हवेची नळी, खूण. सायलेन्सरचा पाइप. पुढे काही नव्हतं. खडू खाली जमिनीवर पडलेला होता, दोन तुकडे होऊन.

मी खडूचे तुकडे उचलून स्टुलावर ठेवले. पाइप नंतर बघता येईल, असं मनात म्हटलं. बोनेट वर केलं, सीटवर बसले, वही मांडीवर घेतली, किल्ली फिरवली.

इंजिन सुरेख चाललं. पाच मिनिटं. दहा. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. मी वहीत बारा लिहिलं आणि मला रडू आलं. आई घरीच राहणार होती. अर्ज मला फाडता येणार होता.

पंधराव्या मिनिटाला एक ठोका पडला.

मी रेस दिली. आवाज चढला, शेड भरून गेली. दोन ठोके. मी सोडली. मला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटली नाही, हे आज लिहिताना मला जास्त भयंकर वाटतं. मला ऊब आली होती. डोकं जड होतं, पण ते दुखणं कुठेतरी लांब, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. मनात आलं, मी आले अखेर. रविवारी नाही, मंगळवारीच आले.

विसाव्या मिनिटाला वहीतल्या रेघा तरंगायला लागल्या. मी मान सीटला टेकवली. दोन मिनिटं डोळे मिटावेत, मग लिहू.

तीन ठोके.

ऐकू आले. बंद कर. पण इंजिन इतकं छान चाललं होतं. का बंद करायचं? अजून अर्धा तास व्हायचा होता.

तीन ठोके. आता जोरात. पत्रा थरथरला, तो थरथराट स्टिअरिंगमधून माझ्या तळहातात आला. ते पत्र्याचं टकटकणं नव्हतं, नळीचं आपटणं नव्हतं. माझ्यावर कोणीतरी चिडलं होतं. उभ्या आयुष्यात तो माझ्यावर चिडला नव्हता, बोट गेलं तेव्हाही नाही.

मी डोळे उघडले. फटीत, बोनेटच्या कडेवर चार बोटं ठेवलेली होती. काळं तेल लागलेली. तीन लांब, एक आखूड. ती हलत नव्हती.

तीन ठोके तिसऱ्यांदा पडले, आणि ती बोटं तेव्हाही हलली नाहीत.

किल्ली मी फिरवली नाही. हाताने फिरवली. चाळीस वर्षं तीन ठोके पडले की तो हात किल्लीकडे गेला होता, तसाच तो आता गेला. इंजिन थांबलं. शेड एकदम इतकी शांत झाली, की भिंतीपलीकडे आई कूस बदलते ते मला ऐकू आलं.

बोटं तिथेच होती. वाट बघत.

माझा अंगठा हॉर्नवर होता. दोन छोटे, एवढंच करायचं होतं. मग तो हात आत घालणार, त्याचं काम करणार, बोनेट खाली घेणार. आणि बोनेट खाली आलं की त्याच्यापलीकडे काय आहे, किंवा काय नाही, ते मला दिसणार.

मी अंगठा उचलला. गाडीचं दार ढकलून खाली पडले आणि भिंतीच्या कडेकडेने, पुढे न बघता, हातापायांवर रांगत कडीपर्यंत गेले.

६

सावकाशराव संध्याकाळी आले, उजेड असेपर्यंत गाडीखाली पडून राहिले. त्यांनी या वेळी घाई केली. हात न पुसताच बाहेर आले.

"इंजिनापाशी पाइप तडकलाय," ते म्हणाले. "पार हाताएवढी चीर. आणि फळीचे बोल्ट घालायला तळाला जी भोकं पाडलीत ना, तळाखालून धूर बरोबर तिथवर जातो. तिथून सरळ आत. काकूंच्या खुर्चीखाली." त्यांनी शेडच्या दाराकडे बघितलं. "दार उघडं ठेवा, हे सांगायचं राहिलं माझं. एवढी साधी गोष्ट. राहिलीच."

"मी लावायला नको होतं."

"ताई, तुम्ही ती गाडी तीन आठवडे चालवलीत. काचा लावून."

"अकरा अकरा मिनिटं," मी म्हटलं.

प्रत्येक वेळी ती बंद पडली होती आणि प्रत्येक वेळी मी उतरून आईचं दार उघडलं होतं. अकरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्या गाडीत बंद दाराआड कोणी बसलंच नव्हतं. एकदा दादा तिच्याजवळ असा बसला होता, शेडचं दार ओढून, नवी नळी घालून, पाचर लावून, सीटवर कोणी नसताना. टाकी रिकामी होईपर्यंत ती छान चालली असणार.

सावकाशरावांनी खिशातून ती फाटकी नळी काढून माझ्या हातात दिली. पांढरी तारीख वर होती.

"ही मी टाकू शकत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच ठेवा. आणि मला काही विचारू नका."

त्यांनी रातोरात पाइप बदलला, तळाची भोकं बंद केली, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आमच्याबरोबर गाडीत बसले. आईचं डोकं दुखलं नाही. आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो. डॉक्टरांसमोर मी अर्ज फाडला. ते म्हणाले, कचऱ्याची टोपली तिकडे आहे.

धुरातल्या विषारी वायूने भास होतात. हे मी वाचलं आहे, आणि ते खरं आहे. मंगळवारच्या त्या बोटांना मी मधल्या रकान्यात 'वायू' असं लिहू शकते. आदल्या दिवशी दार सताड उघडं होतं, सावकाशरावांचे हात नळीवर होते, तेव्हाच्या ठोक्यांपुढे काय लिहायचं ते मला माहीत नाही. पुष्कळ दिवसांनी मला हेही जाणवलं, की मला ते लिहायचंच नाही. कोणी आपला जीव वाचवला तर आधी कारण विचारायचं नसतं. आपण सुखरूप आहोत, आई पलीकडच्या खोलीत खोकते आहे, खिडकीतून सिस्टरांवर खेकसते आहे, हे मी रोज ऐकते आणि मनात त्याला म्हणते, दादा, उपकार झाले तुझे. तोंडाने नाही म्हणत. त्याला आवडलं नसतं.

आईला मी फक्त पाइप बदलला एवढंच सांगितलं. दाराबद्दल सांगितलं नाही. 'दादालाही रोज सांगायचे', हे वाक्य तिने सहज म्हटलं होतं. ते सहजच राहू दे.

त्या बुधवारी परतताना, पुलावर, तिने मागून विचारलं, "काल दुपारी शेडमध्ये कोण होतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही. का?"

"मग ठोकलं कोणी? तीन ठोके ऐकले मी. तीनदा. मेलेला माणूस उठेल असे." मग आपल्या जुन्या, तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आणि त्यानंतर हॉर्नच नाही दिलास तू. मी आपली जागीच. हॉर्न वाजला, की झालं पोरांचं, आता झोपावं, अशी सवय आहे मला इतक्या वर्षांची. काल झोपच नाही लागली."

आरशात तिचं तोंड दिसत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नदीकडे बघत होती.

याला आता दोन वर्षं झाली. गाडी उत्तम आहे. मी आईकडेच राहते, पुस्तिका तिच्या खोलीतल्या टेबलावर लिहिते. शेडचं दार कायम उघडं असतं. खडूच्या यादीत शेवटच्या ओळीपुढे मी खूण केली आहे. दर महिन्याला तेल बघायला बोनेट वर करावं लागतं, तेव्हा मी पुढे उभी असते. बोनेट वर असताना सीटवर बसत नाही, फटीकडे बघत नाही. आई अजूनही दुपारी झोपत नाही, नुसती पडून असते, भिंतीकडे कान करून. मी तिला विचारत नाही.

ते दोन हॉर्न मी अजून दिलेले नाहीत.